पाचामुखी परमेश्वर : इंग्लंडमधील साप्ताहिक प्रश्नमंजूषेचा एक अभ्यास

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गावच्या पंचायतीपासून महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलन समितीपर्यंत जेथे म्हणून चारचौघांनी मिळून निर्णय करावयाचा असतो, तेथे ही म्हण कोणी ना कोणी उच्चारतोच. पाच जण म्हणतील ते खरे, असा तिचा रूढ अर्थ. परंतु पाच माणसे एका टेबलाभोवती बसली म्हणजे ती एकट्यादुकट्यापेक्षा खरोखरच अधिक शहाणी होतात काय? होत असतील तर केव्हा, आणि होत नसतील तर का? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी इंग्लंडमधील एका अगदी साध्या करमणुकीचे उदाहरण फार उपयोगी पडते. ती करमणूक म्हणजे तेथील पबमध्ये दर आठवड्याला भरणारी प्रश्नमंजूषा. मित्रांचे गट तिच्यात वर्षानुवर्षे भाग घेतात, बहुतेक वेळा हरतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसतात. त्यांचे नेमके काय चालते, हे पाहणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

पब आणि पैज

पब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केवळ मद्यालय उभे राहते. तेथे मद्य मिळते हे खरेच. पण ‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’ या शब्दांचा संक्षेप आहे आणि त्यातील ‘हाउस’ म्हणजे घर हा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘तिसरी जागा’ अशी एक कल्पना मांडली. घर ही माणसाची पहिली जागा, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि जेथे हुद्दा, पगार, नातेगोते बाजूला ठेवून माणसे नुसती बोलण्यासाठी जमतात ती तिसरी. इंग्लंडमधील पब हे त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक. आपल्या गावचा पार, शहरातील चौकाचा कट्टा किंवा जुने इराण्याचे हॉटेल डोळ्यांपुढे आणले, म्हणजे या कल्पनेचे मर्म ध्यानात येईल.

जेथे माणसे निवांत बोलतात तेथे वाद होणार, आणि वाद झाला की पैज लागणार, हे ओघानेच आले. अशाच एका वादातून एक जगप्रसिद्ध ग्रंथ जन्माला आला. गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर हे १९५१ मध्ये आयर्लंडमधील वेक्सफर्ड परगण्यात शिकारीला गेले होते. गोल्डन प्लोव्हर आणि ग्राउस या दोन पक्ष्यांपैकी अधिक वेगवान कोणता, यावर तेथे वाद झाला आणि हाताशी असलेल्या कोणत्याही ग्रंथात त्याचे उत्तर सापडेना. असले वाद पबापबांतून रोज रात्री होत असले पाहिजेत आणि ते मिटवणारे पुस्तक कोठेच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. नॉरिस आणि रॉस मॅक्वर्टर या जुळ्या बंधूंकडे त्यांनी ते काम सोपवले आणि १९५५ मध्ये ‘गिनेस बुक ऑफ रेकॉर्ड्स’ची पहिली आवृत्ती निघाली. पुढे घरोघरी पोचलेल्या या पुस्तकाचे मूळ असे शिकारीच्या वेळी झालेल्या एका वादात आहे.

आकाशवाणीवरून पबमध्ये

प्रश्नोत्तरांच्या खेळाची गोडी ब्रिटिश जनतेला प्रथम लावली ती बीबीसीच्या नभोवाणीने. ‘राउंड ब्रिटन क्विझ’ १९४७ मध्ये सुरू झाले, तर शाळाशाळांतील स्पर्धेचा ‘टॉप ऑफ द फॉर्म’ हा कार्यक्रम १९४८ मध्ये. १९६२ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ आले आणि १९७२ मध्ये ‘मास्टरमाइंड’. या शेवटच्या कार्यक्रमाची कल्पना बिल राइट या निर्मात्याची. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांचे युद्धकैदी होते. तेथे झालेल्या उलटतपासणीच्या आठवणीवरून अंधाऱ्या खोलीतील ती एकच खुर्ची आणि तिच्यावर रोखलेला प्रकाशझोत त्यांना सुचला.

याच सुमारास हा खेळ पबमध्ये रुजत होता. मर्सीसाइड भागात १९५९ पासून संघासंघांच्या साखळी स्पर्धा होत होत्या. मात्र आठवड्यातील एक ठरावीक संध्याकाळ, सर्वांना खुला प्रवेश आणि टेबलागणिक एक संघ, हे आजचे रूप १९७० च्या दशकात पसरले. त्याचे श्रेय बर्न्स आणि पोर्टर या तयार प्रश्न पुरवणाऱ्या जोडीला दिले जाते. कारण अगदी व्यावहारिक होते. शुक्रवारी आणि शनिवारी पब भरून जाई; मंगळवारी-बुधवारी मात्र टेबले रिकामी राहत. त्या रित्या दिवशी गिऱ्हाईक यावे म्हणून मालकांनी ही युक्ती काढली. धंद्यासाठी काढलेल्या युक्तीतून एक लोकसंस्था उभी राहिली, हे विशेष.

ती रुजली याला एक सामाजिक कारणही असावे. त्या पिढीतील असंख्य बुद्धिमान माणसांच्या वाट्याला विद्यापीठ आले नव्हते. अकराव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेने मुलांचे मार्ग वेगळे होत आणि पुष्कळजण लहान वयातच कामाला लागत. वाचनाची आवड मात्र कारखान्यात किंवा गाडीच्या चाकामागे बसूनही टिकत होती. १९८० चा ‘मास्टरमाइंड’ विजेता फ्रेड हाउसगो हा लंडनचा टॅक्सीचालक होता आणि १९८३ चा विजेता क्रिस्टोफर ह्यूज हा भुयारी रेल्वेचा चालक. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी चॅरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या टापूतील सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात आणि त्या परीक्षेचे नावच मुळी ‘नॉलेज’ म्हणजे ज्ञान असे आहे! ज्ञान ही पदवीधरांची मक्तेदारी नव्हे, हे तेथील कष्टकरी माणसाला दाखवून द्यायचे होते. पबच्या प्रश्नमंजूषेने ती संधी दर आठवड्याला दिली.

एका संध्याकाळचे स्वरूप

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगतो. एका संघात साधारणपणे चार ते सहा जण असतात. माणशी एखाद-दुसरा पौंड प्रवेशमूल्य दिले की संघाला कोरा कागद आणि पेन्सिल मिळते. संघाचे नाव शक्य तितके चावट किंवा कोटीबाज असावे असा संकेत आहे. प्रश्न विचारणारा ध्वनिक्षेपकावरून एकेक प्रश्न दोनदा वाचतो. दहा-दहा प्रश्नांच्या फेऱ्या असतात : सामान्यज्ञान, इतिहास, भूगोल, खेळ, चित्रपट. चित्रांच्या फेरीत प्रसिद्ध चेहरे ओळखायचे असतात, तर संगीताच्या फेरीत गाण्याचे चार-दोन सेकंदांचे सूर ऐकून ते सांगायचे असते. काही ठिकाणी ‘जोकर’ वापरण्याची मुभा असते. ज्या फेरीवर संघ तो लावील तिचे गुण दुप्पट होतात. शेवटी कागद शेजारच्या टेबलाशी बदलून एकमेकांचे तपासले जातात. बरोबरी झाली तर एखादी संख्या विचारतात आणि जो जवळ जाईल तो जिंकतो. बक्षीस म्हणजे जमलेले थोडे पैसे किंवा पेयांची कुपने. तेवढ्यासाठी कोणी वर्षानुवर्षे येत नाही, हे उघड आहे.

मग येतात कशासाठी? समजा, एका टेबलाशी पाच जण बसले आहेत : निवृत्त रेल्वे कर्मचारी, इतिहासाची शिक्षिका, रुग्णालयातील परिचारिका, वाहने दुरुस्त करणारा तरुण आणि नुकतीच नोकरीला लागलेली त्याची बहीण. राजेराण्यांचे सन शिक्षिकेने सांगावेत, शरीरातील हाडे परिचारिकेने, स्थानकांची नावे रेल्वेवाल्याने. वर्षभरात प्रत्येकाला दुसऱ्याचा प्रांत पाठ होतो. प्रश्न वाचला जाताच उत्तर माहीत नसलेले चौघे ज्याच्याकडे वळतात, त्या पाचव्याला त्या क्षणी जे समाधान मिळते ते पैशात मोजता येणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८५ च्या सुमारास अशा सामायिक स्मृतीची कल्पना मांडली. दीर्घ सहवासातील माणसे सर्व गोष्टी स्वतः लक्षात ठेवत नाहीत. कोणती गोष्ट कोणाला ठाऊक आहे एवढे लक्षात ठेवतात. आपल्या घरातही दस्तऐवज कोठे आहेत ते वडिलांना आणि नात्यातल्या तिथी-मुहूर्त आईला ठाऊक असतात, ते याच न्यायाने.

म्हण केव्हा खरी ठरते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बरोबरी फोडण्यासाठी विचारल्या जाणाऱ्या संख्येच्या प्रश्नाला आपली म्हण उत्तम लागू पडते. याचा प्रसिद्ध दाखला फ्रान्सिस गॅल्टन यांनी दिला आहे. १९०६ मध्ये प्लिमथ येथील पशुप्रदर्शनात एका बैलाचे मांस कापून साफ केल्यावर किती वजन भरेल, याचा अंदाज लोकांना करायचा होता. गॅल्टन यांनी ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. सर्व अंदाज चढत्या क्रमाने लावले असता मधोमध आलेला अंदाज होता १२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन भरले ११९८ पौंड. चूक एक टक्क्याहूनही कमी! १९०७ मध्ये हे टिपण प्रसिद्ध करताना त्यांनी त्याला शीर्षक दिले ‘व्हॉक्स पॉप्युलाय’, म्हणजे लोकवाणी. ज्या लॅटिन वचनातून ते घेतले आहे त्याचा पूर्ण अर्थ ‘लोकवाणी हीच देववाणी’ असा होतो. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण युरोपातही आहे, ती अशी.

परंतु या चमत्काराला दोन अटी आहेत. पहिली, प्रत्येकाने आपला अंदाज दुसऱ्याचे न ऐकता केलेला असावा. दुसरी, चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असाव्यात, म्हणजे कोणी जास्त सांगितले तर कोणी कमी, आणि चूक चुकीने खोडली जाते. उत्तर जेव्हा संख्या नसून एखादे नाव असते, तेव्हा ही बेरीज-वजाबाकी चालत नाही. ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारली तर सिडनी आणि कॅनबेरा यांची सरासरी कशी काढणार?

येथे बहुमत अनेकदा फसवते. ड्राझेन प्रेलेक आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचे मार्मिक विवेचन केले. फिलाडेल्फिया ही पेन्सिल्व्हेनिया राज्याची राजधानी आहे काय, असे विचारले तर पुष्कळ लोक ‘हो’ म्हणतात, कारण ते शहर मोठे आणि नावाजलेले आहे. खरी राजधानी हॅरिसबर्ग. ज्यांना हे माहीत असते ते थोडे असतात. पण त्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते, ती म्हणजे इतर बहुतेक जण चुकणार आहेत! म्हणून या संशोधकांनी सुचवले की लोकांना दोन प्रश्न विचारावेत : तुमचे उत्तर काय, आणि इतर लोक काय उत्तर देतील? अपेक्षेहून ज्या उत्तराला अधिक मते पडतात, ते बहुधा खरे असते. मुरलेला संघ हे शास्त्र न शिकताच पाळतो. “तुम्हाला सिडनी वाटणार हे मला ठाऊक आहे, पण ते कॅनबेरा आहे,” असे कोणी शांतपणे म्हणाला, तर जाणती मंडळी चौघांचे मत बाजूला ठेवून त्या एकाचे लिहितात.

न बोललेले उत्तर

पण तो एक जण बोललाच नाही तर? सगळ्यात मोठा धोका येथे आहे. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. चार-चार जणांच्या गटाने विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी तीन उमेदवारांतून एक निवडायचा होता. काही माहिती चौघांनाही दिलेली होती, तर काही एकेकालाच. सर्वांनी आपापली माहिती पुढे ठेवली असती तर सर्वोत्तम उमेदवार कोण हे सहज कळले असते. प्रत्यक्षात गटांनी जे सर्वांना आधीच ठाऊक होते त्याचीच चर्चा केली. एकेकाजवळची वेगळी माहिती त्याच्याजवळच राहिली आणि बहुतेक गटांनी चुकीचा उमेदवार निवडला. थोडक्यात, पाच तोंडांतून एकच गोष्ट पाच वेळा निघाली, तर तेथे परमेश्वर नव्हे, केवळ प्रतिध्वनी असतो.

पबमधल्या टेबलाशी हे दर आठवड्याला घडते. जो मोठ्याने आणि प्रथम बोलतो त्याचे उत्तर कागदावर चढते. पेन्सिल ज्याच्या हातात असते त्याला नकळत सत्ता प्राप्त होते. नव्याने आलेली मुलगी खरे उत्तर पुटपुटते, ते कोणी ऐकत नाही, आणि निकालाच्या वेळी “अगं, मग बोलली का नाहीस?” असे तिलाच विचारले जाते! तिने ते सांगितले होते. फक्त खात्रीच्या आवाजात सांगितले नव्हते. खात्री आणि ज्ञान यांची गल्लत हा सर्व समित्यांचा मूळ रोग आहे.

अनुभवी संघ यावर साधे उपाय योजतात. चर्चेपूर्वी प्रत्येकाने मनाशी उत्तर ठरवायचे. मग ते सांगताना खात्री किती तेही सांगायचे. आपल्या भाषेत बोलायचे तर सोळा आणे की चार आणे. आणि उत्तर लिहिण्याआधी जो बोललेला नाही त्याच्याकडे वळून विचारायचे. हे शिकायला वर्ष लागते, कारण त्यासाठी आधी परस्परांवर विश्वास बसावा लागतो. मित्रमंडळ पुन:पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसते, त्याचा खरा लाभ हाच.

हे ज्ञान की नुसती माहिती?

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. सनावळ्या, राजधान्या आणि चित्रपटांची नावे पाठ असणे म्हणजे ज्ञान नव्हे. ती विस्कळित माहिती आहे. आक्षेपात तथ्य आहे. फ्रेंच राज्यक्रांतीचे वर्ष १७८९ हे सांगता येणे आणि ती का झाली हे समजणे, यांत मोठे अंतर आहे. परंतु माहितीवाचून ज्ञानाची इमारत उभी राहत नाही, हेही तितकेच खरे. शिवाय स्मरणाला वरचेवर ताण देण्याचे स्वतंत्र मोल आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक पाचव्यांदा वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थी मित्रांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना आठवण्याचे कष्ट कशाला? बेट्सी स्पॅरो, जेनी लियू आणि वेग्नर यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की माहिती संगणकात जतन होणार आहे असे वाटले, तर माणसे ती माहिती कमी आणि ती कोठे ठेवली आहे हे अधिक लक्षात ठेवतात. म्हणजे मित्राची जागा यंत्राने घेतली. पण पबमध्ये याला एक गमतीदार बंधन आहे. मोबाइल पाहायचा नाही, असा नियम असतो. तो मोडणे मात्र अगदी सोपे असते. प्रसाधनगृहात जाऊन आले की काम झाले. तरीही बहुसंख्य लोक तो पाळतात, कारण चोरलेल्या उत्तराला टाळी देणारे मित्र मिळत नाहीत. उत्तर खिशात असताना ते न पाहता चार माणसांनी डोके खाजवत बसणे, यात आजच्या काळात एक प्रकारची प्रतिष्ठा आहे.

या गरजेची खोली २०२० मध्ये दिसून आली. २० मार्च २०२० रोजी साथीमुळे ब्रिटनमधील पब बंद झाले. लँकेशायरमधील जे फ्लिन या पूर्वी पब चालवलेल्या गृहस्थाने आपल्या पबच्या नेहमीच्या मंडळींसाठी संगणकाच्या पडद्यावरून प्रश्नमंजूषा घ्यायचे ठरवले. निमंत्रण चुकून सर्वांसाठी खुले राहिले आणि पाहता पाहता लाखो लोकांनी नावे नोंदवली. ३० एप्रिल २०२० च्या कार्यक्रमाला एक लाख ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक लाभले. तो विश्वविक्रम ठरला आणि त्याची नोंद झाली, ती पबमधील वाद मिटवण्यासाठी काढलेल्या त्या गिनेसच्याच पुस्तकाकडून! दुसरीकडे, ब्रिटनमधील पबची संख्या २००० साली सुमारे ६० हजार होती, ती वीस वर्षांत ५० हजारांच्या खाली आली. टेबलेच उठली तर संघ बसणार कोठे, हा तेथील चिंतेचा विषय आहे.

आपल्यापुरते

आपल्याकडेही प्रश्नमंजूषेची परंपरा नवी नाही. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कलकत्त्यात एका चर्चच्या सभागृहात पहिली खुली स्पर्धा घेतली. १९७२ मध्ये बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली, १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचे ‘क्विझ टाइम’ आले आणि २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ने तर घराघरांत प्रवेश केला. परंतु यांतील बहुतेक प्रकार निवडक हुशारांचे आहेत. आपल्या महाविद्यालयीन स्पर्धांतही लेखी चाळणी लावून मोजके संघ व्यासपीठावर बसवतात आणि बाकीचे शेकडो विद्यार्थी टाळ्या वाजवतात. पबच्या पद्धतीत प्रेक्षक असा नसतोच; खोलीतील प्रत्येक जण खेळाडू असतो.

मद्य वगळून ही पद्धत आपल्या उपाहारगृहात किंवा ग्रंथालयाच्या व्हरांड्यात आणणे मुळीच कठीण नाही. दर बुधवारी तासाभराचा वेळ, पाच जणांचा गट, आणि गटात निदान तीन वेगवेगळ्या विषयांचे विद्यार्थी असावेत असा नियम. प्राध्यापकांनी परीक्षक म्हणून न येता एखाद्या टेबलाशी सभासद म्हणून बसावे. पेन्सिल दर आठवड्याला दुसऱ्याच्या हाती जावी. खेड्यातून आलेल्या ज्या विद्यार्थ्याला वर्गात बोलायचा संकोच वाटतो, त्याला पिके, पाखरे, नक्षत्रे, गावोगावच्या जत्रा यांबद्दल जे ठाऊक असते ते शहरातल्या चौघांना ठाऊक नसते. त्याच्याकडे वळून विचारण्याची सवय आपल्याला लागली, तर ती या खेळापुरती राहणार नाही. गटाने केलेला अभ्यास, समितीच्या सभा, उद्याच्या ग्रामसभा, सर्वत्र ती उपयोगी पडेल.

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण खोटी नाही, ती अपुरी आहे. पाचही मुखे उघडली पाहिजेत, आणि त्यांतून निघालेले पाचही शब्द कोणीतरी ऐकले पाहिजेत. एवढी अट पाळली, तर परमेश्वर यायला फारसे आढेवेढे घेत नाही. मग ते टेबल लंडनमधल्या पबमधले असो की आपल्या कॉलेजच्या कँटीनमधले.